६ फूट ६ इंचांचा सेंटर आहे, पण बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काय बदलावं?

कोर्टसाइड

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघात यंदा ६ फूट ६ इंचांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आहे. वजन ८६ किलो, हात लांब, उजव्या हाताचा हूक (बाजूने, डोक्यावरून टाकलेला शॉट) चांगला, डावा हात जवळपास नाहीच. फ्री थ्रो निम्मे जातात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्याच्या उंचीचं समोर क्वचितच कुणी असतं. तरीही ४० मिनिटांत पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) त्याच्या हाती बॉल सहा-सात वेळाच लागतो.

समोरचे संघ तीन गोष्टी करतात. एक, त्याचा डिफेंडर मागे न राहता पुढे येऊन उभा राहतो आणि पास अडवतो. दोन, सरळ २-३ झोन लावतात (पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येक जण आपली जागा राखतो). तीन, बॉल पोचलाच तर आमच्या पास देणाऱ्याचा डिफेंडर खाली येऊन बॉलवर हात मारतो. शिवाय हाफ टाइमपर्यंत पोराचे तीन फाउल झालेले असतात.

बाकीचे चौघे असे: ५ फूट ८ इंचांचा पॉइंट गार्ड, पास उत्तम. दोघे थ्री (तीन पॉइंटचे लांबचे शॉट) मारणारे. चौथा ६ फूट १ इंच, मेहनती, पण चार-सव्वाचार मीटरच्या पलीकडून शॉट नाही. सराव आठवड्यात चार दिवस, दीड तास, सिमेंटच्या कोर्टवर. स्पर्धेला पाच आठवडे आहेत. 'त्याला बॉल द्या' हे पोरांना शंभरदा सांगून झालंय, तेव्हा नेमकं काय शिकवायचं ते सांगा.

लो_ब्लॉक

सर, तो बॉल कुठे उभा राहून मागतो, हे आधी पाहा. अमेरिकी कॉलेजांचे व्हिडिओ बघून पोरं पोस्ट-अप (रिंगजवळ, रिंगकडे पाठ करून बॉल मागणं) शिकतात. तिथला पेंट १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंद. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो, आपला पेंट ४.९ मीटर. रिंगच्या सरळ रेषेत धरलेल्या पेंटच्या मध्यापासून त्याची कड तिथे १.८३ मीटरवर, आपल्याकडे २.४५ मीटरवर. तिथल्यासारखं रेघेबाहेर उभं राहून बॉल घेतला तर तुमचा पोरगा रिंगपासून साठेक सेंटिमीटर जास्त लांब असतो. तेवढं अंतर तोडायला एक ड्रिबल जास्त लागतो आणि गार्ड हात मारतो तो नेमका त्याच ड्रिबलवर. तुमची तिसरी अडचण बरीचशी इथूनच येते.

म्हणून बॉल घेताना त्याचा निदान एक पाय पेंटमध्ये हवा. तीन सेकंदांचा नियम आहे आणि रेघही पेंटमध्येच धरतात, त्यामुळे आधीपासून आत जाऊन थांबता येत नाही. बॉल दुसऱ्या विंगवर (कोर्टच्या पलीकडच्या बाजूला) असेपर्यंत त्याने रेघेबाहेर राहायचं. टॉपवरच्या (रिंगसमोर बाहेर, मध्यावर उभ्या) खेळाडूकडून बॉल या बाजूला सुटला की आत शिरायचं: जवळचा पाय डिफेंडरच्या पुढच्या पायाच्या वरून टाकायचा, कंबर खाली, पाठ नाही तर नितंब त्याच्या मांडीवर टेकवायचे, आणि लांबचा हात उघडा दाखवायचा. डिफेंडर बॉलबरोबर सरकत असतो, त्याला एक पाऊल उशीर होतोच. ही पकड दोन मोजेपर्यंत टिकते, त्यापुढे नाही. पास त्या दोन मोजण्यांत आला पाहिजे. अनुभवी नसलेले गार्ड सेंटर 'मोकळा दिसला' की पास सोडतात. तोवर तो मोकळा राहिलेला नसतो.

पास देणाऱ्याचं काम याहून अवघड. बॉल, सेंटरची छाती आणि रिंग एका रेषेत आली पाहिजेत. डिफेंडर वरच्या अंगाला असेल तर विंगवाल्याने दोन ड्रिबल बेसलाइनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेघेच्या) दिशेने घ्यायचे आणि खालून पास द्यायचा. डिफेंडर बेसलाइनकडून असेल तर बॉल परत टॉपवर द्या, तिथून पास सरळ जातो. अंतर चार-पाच मीटर. सहा-सात मीटरवरून सोडलेला पास हवेत इतका वेळ असतो की कुणीही येऊन काढतो. बाउन्स पास दोन तृतीयांश अंतरावर टेकला पाहिजे, नाहीतर उंच पोराच्या घोट्याशी येतो आणि त्याला वाकावं लागतं. आणि आधी वर खोटा दाखवून मग खालून, किंवा उलट. डोळ्यांनी सरळ सेंटरकडे बघत दिलेला पास गेला म्हणून समजा.

आता डिफेंडर पुढे येऊन उभा राहतो त्याबद्दल. यावर सर्वांत बोलका सामना म्हणजे १७ मार्च २०२३, कोलंबस, ओहायो: पर्ड्यू विरुद्ध फेअरली डिकिन्सन. पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंचांचा झॅक एडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. समोर डिव्हिजन वनमधला (अमेरिकी कॉलेजांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतला) सर्वांत बुटका संघ, सोळावं म्हणजे गटातलं सर्वांत खालचं मानांकन. ६३-५८ ने बुटका संघ जिंकला. एडीचे २१ पॉइंट, १५ रिबाउंड होते, म्हणजे त्याला कुणी पूर्ण थांबवलं नाही. त्यांनी एक जण पुढे, एक मागे ठेवला आणि पास देणाऱ्या गार्डांच्या अंगाशी भिडून खेळले. जे मोकळे सुटले त्या पर्ड्यूच्या पोरांनी २६ थ्रीपैकी ५ टाकले, आणि संघाने १६ वेळा बॉल गमावला. उंच पोराला पुढून-मागून घेरलं की समोरच्याचा एक माणूस कमी पडतो. तो कमी पडलेला माणूस कुठे आहे हे तुमच्या बाकी चौघांना ओळखता आलं पाहिजे.

तुमच्यासाठी उत्तर आहे हाय-लो. डिफेंडर पुढे आला की सेंटरने त्याच्याशी झगडायचं नाही. उलट त्याला आणखी पुढे, बाहेरच्या बाजूला ढकलत न्यायचं, म्हणजे त्याच्या मागे रिंगपर्यंत जागा उरते. इकडे चौथा खेळाडू फ्री थ्रो लाइनच्या मध्यावर येतो, विंगवरून बॉल त्याला जातो, आणि तिथून लॉब (डिफेंडरच्या डोक्यावरून उंच पास) किंवा सरळ पास रिंगच्या बाजूला. सेंटरने बॉल डोक्यावरून गेल्याशिवाय डिफेंडरला सोडून वळायचं नाही. लवकर वळला की तोही वळतो. पलीकडचा कोपरा शूटरने भरलेला हवाच, नाहीतर तिथला डिफेंडर मागून येऊन लॉब काढतो.

पिक_अँड_रोल

लो_ब्लॉक यांचं सगळं तांत्रिक म्हणणं मान्य. पण पाच आठवड्यांत कॉलेजच्या गार्डांना पोस्टमध्ये पास देणं शिकवून होईल, यावर माझा विश्वास नाही. शॉटसाठीच्या २४ सेकंदांतले १२ सेकंद सगळे उभे राहून सेंटरकडे बघतात, मग घाईत वाईट शॉट, असंच बहुतेक ठिकाणी होतं.

पर्ड्यूचाच दुसरा सामना बघा. ८ एप्रिल २०२४, अमेरिकी कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, ग्लेंडेल. एडीने ३७ पॉइंट केले, २५ पैकी १५ शॉट टाकले. तरी यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) ७५-६० ने जिंकलं. वर्षभर थ्री भरपूर टाकणाऱ्या पर्ड्यूने त्या सामन्यात एकूण सातच थ्री घेतले, त्यातला एक गेला. यूकॉनने आपल्या सेंटरला, डोनोव्हन क्लिंगनला, बहुतेक वेळ एकट्याने एडीशी भिडवलं आणि बाकीचे आपापल्या शूटरला चिकटून राहिले. म्हणजे सेंटरला भरपूर बॉल मिळाला तरी वापर चुकू शकतो. त्याच्यामुळे दुसऱ्याला मोकळा शॉट मिळतोय का, हे मोजा.

माझं म्हणणं असं की तुमच्या पोराला उभा करू नका, पळवा.

आपल्याला रिबाउंड मिळाला की त्याने पहिली तीन पावलं पूर्ण जोरात टाकून थेट समोरच्या रिंगखाली पळायचं, मधल्या पट्ट्यातून. झोन लागायच्या आत तो तिथे पोचला तर समोर गार्ड असतो. अशा चार पळण्यांत एकदा तरी बॉल द्याच. दिला नाही तर पाचव्यांदा तो पळणार नाही, आणि त्यात चूक त्याची नसेल.

दुसरं, स्क्रीन किंवा पिक, म्हणजे आपल्या गार्डच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं. टॉपवर पॉइंट गार्डसाठी स्क्रीन लावताना त्याची पाठ रिंगच्या दिशेला नाही, तर गार्डला जिथे जायचंय त्या कोपऱ्याकडे हवी. पाय खांद्यांहून रुंद, आणि गार्ड खांद्याला खांदा घासून जाईपर्यंत हलायचं नाही. बहुतेक चुका गार्डच्या असतात: स्क्रीन जागेवर बसायच्या आधीच तो निघतो, सेंटर त्याच्या मागे सरकतो, आणि रेफरी सेंटरला फाउल देतो. तुमच्या पोराच्या तीन फाउलमध्ये असे किती आहेत ते तपासा.

मग रोल. बॉलकडे तोंड ठेवून वळायचं, हात वर, आणि सरळ रिंगकडे. तुमच्या गार्डची उंची ५ फूट ८ इंच आहे, त्याला दोघांच्या वरून पास दिसणार नाही. म्हणून त्याने स्क्रीननंतर एक ड्रिबल जास्त घेऊन बाजूला सरकायचं आणि मग खिशातून काढल्यासारखा खालून बाउन्स पास द्यायचा. ६ फूट ६ इंचांच्या पोराला रोलवर लॉबच हवा असा हट्ट नको.

कोर्टसाइड

दोघांचेही मनापासून आभार. ६० सेंटिमीटरची गोष्ट मी कधी मोजलीच नव्हती. एक शंका: हाय-लोमध्ये फ्री थ्रो लाइनवर चौथा खेळाडू ठेवला तर त्याचा डिफेंडर मागे रिंगखाली जाऊन बसतो. आपल्याकडे डिफेंडरला पेंटमध्ये तीन सेकंदांचं बंधन नाही. मग लॉब कसा जाणार? आणि झोनविरुद्ध सेंटर कुठे उभा करायचा?

लो_ब्लॉक

त्याचा डिफेंडर खाली बसला तर तोच शॉट घ्यायचा. फ्री थ्रो लाइन बोर्डपासून ४.६ मीटरवर, पण रिंगच्या मध्यापासून ४.२ मीटरच. तुम्ही म्हणता त्याची मर्यादा चार-सव्वाचार मीटर, म्हणजे तो बरोबर काठावर आहे. लाइनच्या पाऊलभर आत बॉल घेऊ दे. रोज त्याच एका जागेवरून ६० शॉट: २० बॉल घेऊन लगेच, २० खोटा पास दाखवून, २० एक ड्रिबल आत घेऊन. पाच आठवड्यांत एवढ्या एका जागेचा शॉट तयार होतो. बाकी जागांचा नाद सोडा. त्याने पहिले दोन टाकले की डिफेंडर वर येतो आणि लॉब उघडतो.

झोनचं उत्तर रिबाउंड_ताईंकडून घ्या, त्यांना त्याची खडान्‌खडा माहिती आहे.

रिबाउंड_ताई

२-३ झोनविरुद्ध सेंटरला ब्लॉकवर (पेंटच्या कडेला, रिंगजवळच्या खुणेपाशी) उभं करणं ही सर्वांत मोठी चूक. तिथे झोनचा मधला माणूस त्याला बघतही असतो आणि टेकूनही असतो. त्याला बेसलाइनवर, झोनच्या खालच्या ओळीच्या मागे न्या, रिंगपासून तीन-साडेतीन मीटर बाजूला. झोनचे डोळे बॉलकडे असतात, पाठीमागचं कुणाला दिसत नाही.

रचना १-३-१: पॉइंट गार्ड टॉपवर, दोन शूटर विंगवर, चौथा खेळाडू फ्री थ्रो लाइनच्या आत, सेंटर बेसलाइनवर. बॉल विंगवरून मधल्या खेळाडूला गेला की झोनचा मधला माणूस वर येतो. यावंच लागतं. त्याच क्षणी सेंटरने बेसलाइनवरून आत पाऊल टाकून रिंगसमोर जागा धरायची. मधल्या खेळाडूने बॉल घेतल्यावर नजर ठरलेल्या क्रमाने फिरवायची: आधी खाली सेंटर, मग समोरच्या बाजूचा शूटर, शेवटी स्वतःचा शॉट. हा क्रम तोंडाने मोठ्याने म्हणायला लावा, 'खाली, पलीकडे, मी'. पहिल्या आठवड्यात पोरं उलट्या क्रमाने बघतात.

बॉल वरच्या वर विंग-टॉप-विंग फिरवत राहिलात तर झोन कधीच फुटणार नाही. प्रत्येक आक्रमणात एकदा तरी बॉल मध्ये शिरलाच पाहिजे, तोही घड्याळात १२ सेकंद उरायच्या आत.

आता गार्ड खाली येऊन हात मारतो त्याबद्दल. पोस्टमध्ये पास देऊन जागेवर उभं राहणारा खेळाडू हेच त्याचं कारण. तो हलला नाही की त्याच्या डिफेंडरला दोघांनाही सांभाळता येतं. पास दिल्याबरोबर एकतर सेंटरच्या पुढून रिंगकडे कट मारायचा, किंवा तीन मीटर कोपऱ्याकडे सरकायचं. डिफेंडर सेंटरकडे वळला की पास परत कोपऱ्यात, तुमच्या शूटरला.

सेंटरसाठी नियम एकच: बॉल आल्यावर 'एक-दोन' मोजेपर्यंत ड्रिबल नाही. बॉल हनुवटीखाली, दोन्ही कोपर बाहेर, पण कोपर फिरवायचे नाहीत, फाउल मिळतो. आधी बेसलाइनकडच्या खांद्यावरून बघायचं. तिथे कुणी टेकलेलं नसेल तर त्याच बाजूचा पाय मागे टाकून एका झेपेत रिंग. टेकलेलं असेल तर मध्याकडे उजवा हूक. ड्रिबल नसेल तर मारायला बॉलच नाही. दुसरा डिफेंडर पास देणाऱ्याच्या बाजूने आला तर पास कोपऱ्यात सरकलेल्या त्याच गड्याला. बेसलाइनकडून किंवा पलीकडून आला तर तिरका पास समोरच्या विंगला. सरावात तुम्ही स्वतः हातात पॅड घेऊन कधी इकडून, कधी तिकडून, कधी अजिबात न येता त्याला वाचायला लावा. रोज १५ वेळा पुरे.

आक्रमणातला रिबाउंड घेतला तर बॉल खाली आणायचा नाही. बॉल रिंगला लागून मिळालेल्या रिबाउंडनंतर घड्याळ १४ वर येतं, २४ वर नाही. वरच्या वर पुन्हा टाकायचा, जमत नसेल तरच बाहेर.

फाउलचं नीट वेगळं करून बघा. उंच मुलांचे फाउल चार ठिकाणी होतात: मदतीला येऊन ब्लॉक करताना हात खाली येणं, रिबाउंडला पुढच्याच्या पाठीवर चढणं, हलता स्क्रीन, आणि गार्डच्या मागे तीन पॉइंटच्या रेषेपर्यंत जाणं. शेवटचं तर पूर्ण टाळता येतं. समोरचे पिक खेळतील तेव्हा त्याला बाहेर पाठवू नका. फ्री थ्रो लाइनच्या एक मीटर आत, रिंग पाठीशी ठेवून थांबवा. गार्डचा लांबचा दोनचा शॉट गेला तर जाऊ दे, तो शॉट आपल्याला परवडतो. ब्लॉकसाठी दोन्ही हात सरळ वर आणि उडी सरळ वर. स्वतःच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे अंगावरच्या सरळ उभ्या जागेत, उभ्या हातांवर समोरचा येऊन आदळला तर तो डिफेंडरचा फाउल नाही. शिकवताना त्याच्या दोन्ही हातांत टेनिसचा चेंडू द्या आणि लेअपवाल्यांना अंगावर जाऊ द्या. चेंडू हातात असला की पंजा खाली मारायची सवय आपोआप मोडते.

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले तर तो क्वार्टर संपेपर्यंत बसवा, पण पूर्ण हाफ नको. बाहेर काढणाऱ्या पाचव्या फाउलच्या धास्तीने १५ मिनिटं बेंचवर ठेवलेला सेंटर कुणाच्याच कामाचा नाही. दर क्वार्टरला सात मिनिटं, म्हणजे २८, हा माझ्या मते ८६ किलोच्या मुलासाठी योग्य आकडा आहे. शेवटच्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं त्यात हवीतच.

कोर्टसाइड

ताई, डाव्या हाताचं काय करू? आणि सिमेंटवर त्याला किती उड्या मारायला लावू?

रिबाउंड_ताई

डाव्या हातासाठी मायकन ड्रिल. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर यांनी ६ फूट १० इंचांच्या जॉर्ज मायकनला १९४० च्या दशकात घडवलं. मायकन आधी अवघडलेला, हळू खेळाडू होता. तोच पुढे रिंगजवळचे बॉल इतके अडवू लागला की त्याच्यामुळे आणि बॉब कर्लंडमुळे खाली येणाऱ्या बॉलला हात लावायला बंदी आली. ड्रिल साधी आहे: रिंगखाली उभं राहून उजवीकडून उजव्या हाताने, बॉल जमिनीवर पडू न देता पकडून डावीकडून डाव्या हाताने, असं ३० सेकंद. तीन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. त्यानंतर फक्त डाव्या हाताच्या दोन फेऱ्या. डावीकडून टाकताना उडी उजव्या पायावर. इथे बहुतेक मुलं पाय चुकवतात आणि हाताला दोष देतात. पहिले दोन आठवडे वेग नको, पाय बरोबर येऊ देत.

सिमेंटवर पूर्ण उडीचं काम आठवड्यात दोनच दिवस, तेही लागोपाठ नको. मायकनला टाचा उचलण्यापुरती उडी पुरते. बॉक्स-आउट जमिनीवर राहूनच शिकवा: शॉट सुटला की आधी माणूस शोधा, पाठ लावा, मग बॉल. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं असं त्याने सांगितलं तर 'वयाचं आहे' म्हणून सोडू नका. त्या आठवड्यात उड्या बंद.

पिक_अँड_रोल

फ्री थ्रोकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. समोरचा कोच हिशेबी असेल तर शेवटी तुमच्याच पोराला पकडणार: निम्मे जातात म्हणजे दोन फेकींना सरासरी एक पॉइंट, त्याला तो सौदा स्वस्त आहे. सत्तर टक्के झाले की १.४ पॉइंट, मग तो हात लावणार नाही. रोज ४० फ्री थ्रो, पण एकदम नाही. दोन फेकी, मग कोर्टची एक पूर्ण फेरी पळून पुन्हा दोन. धाप लागलेली असतानाच ते घ्यायचे असतात.

कोर्टसाइड

ठरवलं. मंगळवार-बुधवारी हाय-लो आणि १-३-१ दोन्ही सुरू करतो, गुरुवारी पिक अँड रोल.

लो_ब्लॉक

तिन्ही एकाच आठवड्यात नकोत, सर. पहिले दोन आठवडे फक्त विंगवरचा पास आणि हाय-लो, तीन विरुद्ध तीन, दोन्ही बाजूंनी, रोज २५ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात १-३-१. मधला खेळाडू आणि सेंटर यांच्यातला तोच पास तिथे पुन्हा येतो, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असेल. चौथ्यात पिक. रिंगकडे पळणं मात्र पहिल्या दिवसापासून, प्रत्येक रिबाउंडला.

आणि सरावाच्या सामन्यांत कुणाला तरी वहीत चारच रकाने भरायला बसवा: पेंटमध्ये सेंटरला बॉल किती वेळा मिळाला, त्यातून त्याचे पॉइंट किती, त्याने बाहेर दिलेल्या पासवर दुसऱ्याला मोकळा शॉट किती वेळा मिळाला, आणि बॉल किती वेळा गेला. गेलेल्या बॉलसमोर पास कुणी, कुठून दिला तेही लिहा. दोन सामन्यांत दिसेल की बहुतेक बॉल एकाच विंगवरून जातायत. त्या विंगवर पॉइंट गार्डला उभा करा आणि टॉपवर शूटर आणा.